निखाऱ्यांतला निरोप्या

लासलगांवचा कांदा आमच्या बहुतेक वाचकांच्या स्वयंपाकघरांत असतो. परंतु त्या गांवीं ‘कृषक’ नांवाचें एक किरणन केंद्र आहे, हें फार थोड्यांस ठाऊक असावें. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विद्येवर २००२ सालीं सुरू झालेल्या या केंद्रांत कोबाल्ट-६० या किरणोत्सर्गी धातूचे गॅमा किरण कांद्यांतून जाऊं देतात. त्यामुळें कांद्याच्या गाभ्यांतील कोंब फुटण्याची शक्ति नाहींशी होते आणि तो साठवणींत अधिक काळ टिकतो. किरण कांद्यांतून निघून जातात, कांद्यांत राहात नाहींत; म्हणून असा कांदा खाण्यांत भय नाहीं, हें गृहिणींच्या समाधानार्थ येथेंच सांगून ठेवतों.

किरणांची ही मात्रा ‘ग्रे’ या एककांत मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थानें एक ज्यूल ऊर्जा शोषली, म्हणजे ती मात्रा एक ग्रे झाली. कांद्याचा कोंब मारण्यास ६० ते ९० ग्रे पुरतात. २००७ सालीं हापूस आंबा अमेरिकेस रवाना होऊं लागला, तो याच केंद्रांतील किरणांखालून जाऊन. त्यांतील किडीचा वंश खुंटावा म्हणून आंब्यास किमान ४०० ग्रे मात्रा द्यावी लागते. आणि मनुष्यास? सर्व शरीरावर एकदम ४ ते ५ ग्रे मात्रा पडली आणि उपचार मिळाले नाहींत, तर दर दोघांतला एक दगावतो. सजीव पेशी या बाबतींत किती नाजूक आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

आतां याच मापानें पुढील गोष्ट मोजून पाहावी. दोन सेंटिमीटर लांब, एक सेंटिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर उंच अशी एक लहानशी वस्तु आहे. तींत मोहरीच्या दाण्याहूनहि बारीक लेसर आहेत, आणि तीस केसाहून किंचित् जाड असे कांचेचे तंतु जोडलेले आहेत. लेसर प्रकाशाची उघडझांप करतात आणि ती उघडझांप तंतूंतून धांवत जाऊन दूरच्या दालनांत अंकांच्या रूपानें वाचली जाते. या वस्तूकडून अपेक्षा अशी कीं, तिनें १० लक्ष ग्रे मात्रा सोसावी, आणि ती सोसतां सोसतां एका एका तंतूवरून सेकंदाला सुमारें एक हजार कोटि अंक बिनचूक पोंचवीत राहावें. वर्षानुवर्षें तिला कोणाचा हात लागणार नाहीं. बिघडली तर दुरुस्त करावयास कोणी जाऊं शकणार नाहीं. असा हा निखाऱ्यांत बसून निरोप धाडणारा निरोप्या कशासाठीं हवा, आणि तो घडवितात कसा, हा या महिन्याचा आमचा विषय आहे.

जिनीव्हा शहराजवळ, स्वित्झर्लंड व फ्रान्स यांच्या सीमेवर, ‘सर्न’ या संस्थेनें जमिनीखालीं सुमारें शंभर मीटर खोल एक वर्तुळाकार बोगदा केला आहे. त्याचा घेर २७ किलोमीटर आहे. म्हणजे नाशकाहून निघून त्र्यंबकेश्वराच्या वेशीपर्यंत जाण्याइतकें तें अंतर झालें. या बोगद्यांतून प्रोटॉन नांवाचे सूक्ष्म कण परस्परविरुद्ध दिशांनीं फिरतात. सेकंदाला त्यांच्या अकरा हजारांहून अधिक फेऱ्या होतात, आणि चार ठिकाणीं त्यांची टक्कर घडवून आणतात. त्या टकरींत जे नवे कण निर्माण होतात, त्यांचा माग काढण्यासाठीं टकरीच्या जागेभोंवतीं प्रचंड शोधयंत्रें उभारलेलीं आहेत. त्यांपैकीं ‘सीएमएस’ नांवाचें यंत्र २१ मीटर लांब, १५ मीटर उंच आणि १४ हजार टन वजनाचें आहे. हिग्ज या कणाचा शोध ४ जुलै २०१२ रोजीं जाहीर झाला, तो या यंत्राच्या व ‘ॲटलस’ नांवाच्या त्याच्या भावंडाच्या साक्षीवर.

हें सर्व परदेशांतील कौतुक आहे, असें मात्र कोणीं समजूं नये. सीएमएसच्या चुंबकाबाहेरील एक संपूर्ण विभाग भारतीयांच्या हातून उभा राहिला, आणि त्या कामांत मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था अग्रभागीं होती. होमी भाभांनीं १९४५ सालीं स्थापिलेली, कुलाब्याच्या समुद्रकांठची ही संस्था आमच्या वाचकांस नांवानें परिचित असेलच. या विभागांत सुमारें एक सेंटिमीटर जाडीच्या विशिष्ट प्लास्टिकच्या फरशा बसविल्या आहेत. कण फरशींतून गेला कीं ती क्षणमात्र उजळते, आणि तो उजेड बारीक तंतु गोळा करून बाहेर नेतात. दुसऱ्या एका विभागासाठीं लागणाऱ्या सिलिकॉनच्या संवेदकांपैकीं कांहीं भाभा अणुसंशोधन केंद्र व बंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स यांनीं मिळून तयार केले. २०१७ सालापासून भारत सर्नचा सहयोगी सभासद आहे. या यंत्राचें अधिक प्रखर असें दुसरें पर्व २०३० च्या सुमारास सुरू करण्याचें योजिलें आहे. त्यासाठीं लागणाऱ्या नव्या विभागाचीं सिलिकॉन मॉड्यूलें जोडण्यासाठीं जगांत जीं थोडीं केंद्रें निवडलीं गेलीं, त्यांत टाटा संस्थेचें केंद्र आहे. कुलाब्यास जोडलेल्या या मॉड्यूलांना जें कांहीं सांगावयाचें असेल, तें ज्याच्या हातीं धाडावें लागेल तोच आमचा निरोप्या.

आतां निरोपाचें ओझें केवढें, तें पाहूं. प्रोटॉनांचे जथे दर सेकंदाला चार कोटि वेळां एकमेकांस छेदून जातात. प्रत्येक वेळीं अनेक टकरी होतात, आणि प्रत्येक टकरीच्या खुणा यंत्राच्या गाभ्यांतील लक्षावधि संवेदकांवर उमटतात. सीएमएसच्या पहिल्या मार्गशोधकांत सुमारें एक कोटि सिलिकॉनच्या पट्ट्या होत्या, आणि त्यांचे संकेत बाहेर नेण्यासाठीं सुमारें चाळीस हजार प्रकाशतंतु घातलेले होते. सिंहस्थांत रामकुंडाकडे जाणाऱ्या गल्ल्यांची रुंदी हीच जशी साऱ्या बंदोबस्ताची कसोटी ठरते, तशी येथें या तंतूंची समाई कसोटी ठरते. आलेली सर्व गर्दी आंत घेणें अशक्य असतें. म्हणून यंत्रें क्षणार्धांत निवड करतात. चार कोटींतून एक लक्ष, आणि त्या लक्षांतून सुमारें एक हजार घटना जपून ठेविल्या जातात. निवडीचा निर्णय बाहेरच्या दालनांतून येईपर्यंत संवेदकाजवळची चिप आपली नोंद धरून ठेवते, आणि हा सर्व अवधि सेकंदाच्या तीन-चार दशलक्षांशांइतकाच असतो. एकदां झालेली टक्कर पुन्हां तशीच होत नाहीं. निरोप वाटेंत हरवला, तर ती घटना जणूं घडलीच नाहीं.

येथें कोणी विचारील, याकरितां प्रकाशच कां? तांब्याच्या तारा कां नकोत? याचें उत्तर त्रिविध आहे. तांबें जड आहे, आणि यंत्राच्या गाभ्यांत जितकी धातु अधिक, तितके ज्यांना पाहावयाचें ते कणच तीवर आपटून वाट सोडतात. पाहुण्यांचें मुख पाहण्यासाठीं दिवा लावावा आणि दिव्याचा धूरच डोळ्यांपुढें यावा, तसा तो प्रकार होईल. दुसरें असें कीं, सीएमएसचें चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारें एक लक्ष पट बलवान् आहे, आणि शेजारीं हजारों विद्युत्-मंडलें चालूं असतात. अशा ठिकाणीं तारेला आपल्या निरोपासवें शेजाऱ्यांची कुजबूज ऐकूं येते. कांचेंतून जाणाऱ्या प्रकाशास ती बाधा नाहीं. तिसरें, एवढी माहिती तारेनें शंभर मीटर नेण्यास जी वीज लागेल, तिची उष्णता काढून टाकणें हेंच स्वतंत्र संकट होऊन बसेल.

प्रकाशतंतूचा हा गुण पाहावयास जिनीव्हास जाण्याचीहि गरज नाहीं. पुणें-नाशिक रस्त्यावर नारायणगांव लागतें. तेथून जवळच खोडद येथें टाटा संस्थेचीच महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखालीं ती उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, त्यांपैकीं चौदा मध्यभागीं व सोळा तीन बाहूंवर, सुमारें पंचवीस किलोमीटरांच्या टापूंत पसरल्या आहेत. प्रत्येक तबकडीनें ऐकलेला आकाशाचा अतिक्षीण स्वर प्रकाशतंतूंवरून मध्यवर्ती इमारतींत आणला जातो. शेतांखालून गेलेल्या त्या तंतूंस कोणत्याहि निखाऱ्यांतून जावें लागत नाहीं. आमच्या निरोप्याचें दुर्भाग्य एवढेंच कीं, जेथें बातमी आहे तेथेंच आग आहे.

त्या आगीनें होणाऱ्या जखमा चार प्रकारच्या आहेत. पहिली जखम कांचेची. स्वच्छ कांच तीव्र गॅमा किरणांखालीं ठेवली, तर ती हळूहळू तपकिरी पडते. किरणांनीं सुटे झालेले इलेक्ट्रॉन कांचेंतील दोषस्थळीं अडकून बसतात आणि प्रकाश गिळूं लागतात. चार्ल्स काओ यांनीं १९६६ सालीं दाखविलें कीं, तंतूंत प्रकाश मरतो तो मुख्यतः कांचेंतील अशुद्धांमुळें; पुढें २००९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. किरणांच्या बाबतींतहि तोच न्याय आहे. फॉस्फरस मिसळलेली कांच लवकर काळवंडते, अत्यंत शुद्ध सिलिकेची बराच काळ तग धरते.

दुसरी जखम लेसरची. वेगानें आलेला कण लेसरच्या स्फटिकांतील अणूस त्याच्या पाटावरून उठवितो. पंगतींत रिकामीं पानें पडतात. मग जी वीज प्रकाश व्हावयाची, ती उष्णता होऊन वायां जाते, आणि लेसर पेटावयास पूर्वींपेक्षां अधिक वीज मागूं लागतो. यांत एक दिलासा असा कीं, लेसर चालूं ठेवला व थोडी ऊब मिळाली, तर कांहीं अणु आपल्या जागीं परत येतात व जखम अंशतः भरून निघते. तिसरी जखम चिपची. ट्रान्झिस्टरमध्यें सिलिकॉनच्या ऑक्साइडचा एक पातळ पापुद्रा असतो. त्यांत विद्युत्-भार अडकून बसतो आणि जें दार बंद असावयास हवें तें उघडें राहतें. गंमत अशी कीं, चिपा जसजशा सूक्ष्म होत गेल्या, तसतसा हा पापुद्रा इतका पातळ झाला कीं, अडकलेला भार त्यांतून आपोआप निसटूं लागला. व्यापाऱ्यांनीं चिप लहान केली ती आपल्या सोयीसाठीं. कणशास्त्रास त्यांत चिलखत सांपडलें. मात्र आणखी सूक्ष्म चिपांत इतर ठिकाणीं भार सांठून नवे दोष दिसूं लागले, हेंहि सांगितलें पाहिजे.

चौथी जखम सर्वांत फसवी. तीनें वस्तु मोडत नाहीं, परंतु निरोपांतील एक अक्षर बदलतें. प्रकाश टिपणाऱ्या डायोडमधून एकादा कण गेला, तर जेथें शून्य होतें तेथें एक उमटतो. ‘येऊं नका’ या निरोपांतील शेवटचा शब्द गळाला तर काय घडेल, याची कल्पना कोणत्याहि गृहस्थास करतां येईल.

यांतील चौथ्या जखमेवरचा उपाय आमच्यासारख्या जुन्या पठडींत शिकलेल्या माणसास फार ओळखीचा वाटला. वेदाध्ययनाची परंपरा नाशकास परकी नाहीं. संहितेचा पाठ झाला कीं पदपाठ, मग क्रम, आणि पुढें जटा, घन अशा विकृति शिकवितात. जटापाठांत पहिला शब्द व दुसरा, मग दुसरा व पहिला, पुन्हां पहिला व दुसरा, असे शब्द उलटसुलट गुंफतात; घनपाठांत ती वीण आणखी दाट होते. एकादें अक्षर वा स्वर चुकला, तर पुढच्या आवृत्तींत तो लगेच खटकतो. प्रकाशतंतूच्या निरोपांतहि अशीच वीण घालतात. रीड व सॉलोमन या दोघां गणितज्ञांनीं १९६० सालीं मांडलेली रीत येथें वापरली आहे. सर्नच्या एका योजनेंत दर खेपेस १२० अंकांची एक ओळ जाते. त्यांतील ३२ अंक केवळ चूक शोधून दुरुस्त करण्यासाठींच असतात. शेजारशेजारचे अंक मुद्दाम दूर दूर विखरून धाडतात, म्हणजे एका घावानें सलग अक्षरें गेलीं, तरी कोणत्याहि एका शब्दावर सारा भार पडत नाहीं. चिपच्या पोटांत महत्त्वाची नोंद तीन प्रतींत ठेवतात, आणि एक प्रत बिघडली तर उरलेल्या दोघींचें मत ग्राह्य धरतात. ज्यांच्या घरीं तिघां भावांची पंचाईत बसते, त्यांस ही व्यवस्था समजावून सांगावयास नको.

उरलेल्या तीन जखमांवर मात्र एकच उपाय आहे; तो म्हणजे आगाऊ परीक्षा. नवल असें कीं, हे लेसर प्रायः नव्यानें शोधून काढलेले नसतात. दूरध्वनीच्या व संगणकाच्या व्यापारासाठीं जे बनतात, त्यांतूनच ते वेंचून घेतात. वेंचण्याची रीत कठोर आहे. कारखान्यांतून नवा घाणा निघाला कीं त्यांतील कांहीं नमुने घेऊन त्यांवर गॅमा किरण, न्यूट्रॉन, प्रोटॉन यांचा मारा करतात. दहा वर्षांत जें व्हावयाचें तें दिवसांत घडवून आणतात, आणि त्यावर आणखी कांहीं मात्रा अधिक देतात. नमुने उत्तीर्ण झाले तरच तो घाणा विकत घ्यावयाचा. परीक्षेस बसलेला नमुना पुढें कधींहि यंत्रांत जात नाहीं. इतर भावंडें जावींत म्हणून तो आपला बळी देतो.

ही परीक्षा घेणेंहि साधें नाहीं. यंत्राचा नवा गाभा शून्याखालीं तीस-पस्तीस अंशांपर्यंत थंड ठेवावयाचा आहे, कारण सिलिकॉनच्या संवेदकांस थंडी मानवते. परंतु त्याच थंडींत कांचेची जखम भरून येत नाहीं. म्हणजे उबदार खोलींत घेतलेल्या परीक्षेंत पैकीच्या पैकी गुण मिळविणारा तंतु थंडींत नापास होऊं शकतो. शिवाय दहा वर्षांचा मारा चार दिवसांत केला, तर जखम बरी होण्यास अवधिच मिळत नाहीं, आणि तंतु उगाच कमजोर ठरतो. मारा केवढा, किती वेगानें, किती थंडींत, हें सर्व जुळविल्याखेरीज निकालास अर्थ नाहीं. आम्हीं चाळीस वर्षें परीक्षा घेतल्या. प्रश्नपत्रिका काढणें हें उत्तरें लिहिण्याहून कठीण असतें, हें आमचें जुनें मत येथें दृढच झालें.

आणि इतकें करूनहि मर्यादा ओळखावी लागते. टकरीच्या अगदी निकट, पहिल्या कांहीं सेंटिमीटरांत, मारा इतका भयंकर असतो कीं, तेथें कोणताहि लेसर टिकत नाहीं. म्हणून तेथील संवेदकांचे संकेत प्रथम बारीक तारांवरून थोडेसे बाहेर आणतात, आणि जेथें लेसर जगूं शकेल अशा ठिकाणीं तो बसवितात. जेथें तांबें नको तेथेंच तांब्याची मदत घ्यावी लागते. इगतपुरी तालुक्यांत टाकेद येथें जटायूचें स्थान सांगतात. पंख तुटलेला तो पक्षी रावणास अडवूं शकला नाहीं; परंतु सीतेस कोण व कोणीकडे घेऊन गेला, हें रामास सांगेपर्यंत त्यानें प्राण धरून ठेवला. या निरोप्याकडूनहि एवढीच मागणी आहे. त्यानें अक्षत राहावें असें कोणी म्हणत नाहीं. निरोप पोंचेपर्यंत टिकावें, इतकेंच म्हणतात.

परीक्षेचें एवढें माहात्म्य सांगितल्यावर तिची दुसरी बाजू झांकून ठेवणें बरोबर होणार नाहीं. ‘ॲटलस’ यंत्रांत संवेदकांस आज्ञा व घड्याळाचा ठोका पोंचविणारे लेसर यंत्राबाहेरच्या सुरक्षित दालनांत बसविलेले होते. तेथें किरणांचा मारा नाहीं. माणसें निर्धास्त ये-जा करतात. असे असतां २००९-१० च्या सुमारास हे लेसर एकामागून एक मरूं लागले. पहिला संशय हाताळतांना लागणाऱ्या स्थिर विजेवर गेला आणि पुष्कळ लेसर बदलून टाकले. कांहीं काळानें नवेहि मरूं लागले. पुष्कळ शोधाअंतीं खरा अपराधी सांपडला, आणि तो होता हवेंतला दमटपणा! त्या लेसरना ओलीपासून राखणारें आवरण पुरेसें नव्हतें. ज्यांनीं अग्नीची एवढी धास्ती घेतली, त्यांस पाण्यानें गांठलें. पुढें ओल सोसणारे लेसर निवडले, कोरड्या हवेची तजवीज केली, आणि संकट निवारलें.

त्या काळांत शोधयंत्राची नोंद कशी चालूं राहिली, हें ऐकण्यासारखें आहे. ज्या मॉड्यूलाचा तंतु मुका झाला, त्यास शेजारच्या मॉड्यूलाकडून घड्याळाचा ठोका व आज्ञा घेतां येतील, अशी सोय रचनाकारांनीं मुळांतच करून ठेविली होती. एका चुलीचा विस्तव विझला तर शेजारच्या चुलींतून निखारा आणावा, त्यांतलीच ही रीत. कोणता घाव येईल हें त्यांस ठाऊक नव्हतें. कोणता तरी येईल, एवढें मात्र त्यांनीं गृहीत धरलें होतें. आमच्या टाटा संस्थेच्या विभागासहि असाच अनुभव आला. तेथें किरणांचा मारा बेताचा. परंतु उजेड टिपणाऱ्या पहिल्या उपकरणांस चुंबकाच्या बाहेरच्या क्षेत्रानें जेरीस आणलें, आणि २०१३-१४ च्या विरामांत त्यांच्या जागीं सिलिकॉनचे नवे टिपक बसविले गेले.

आतां हें सारें आम्ही घरगुती मासिकांत कां लिहीत बसलों, तें सांगतों. आमच्या एका स्नेह्यांच्या एकत्र कुटुंबांतील मुलगी अशाच किरणसह भागांच्या परीक्षणाचें काम करते. मागें सुटींत ती घरीं आली असतां दिवाणखान्यांत सर्व मंडळी बसली होती. आजोबांनीं विचारलें, ‘‘कायगं, इतकीं वर्षें शिकलीस, शोध कोणता लावलास?’’ ती म्हणाली, ‘‘आजोबा, मी शोध लावीत नाहीं. दुसऱ्यांनीं केलेल्या वस्तू मोडून पाहतें.’’ घरांत हंशा पिकला. तिच्या चुलत्यांनीं, ‘‘मग तें काम सोडून संगणकाच्या कंपनींत कां जात नाहींस? पगार तरी दुप्पट मिळेल,’’ असें सुचविलें, आणि तिच्या आईच्याहि मनांतून तेंच होतें. मुलगी कांहीं बोलली नाहीं. तिचें तें गप्प बसणें आम्हांस लागून राहिलें.

कोणीं किती पगाराची नोकरी करावी, हा ज्याच्या त्याच्या संसाराचा प्रश्न आहे. त्यांत आम्ही पडत नाहीं. परंतु ‘मोडून पाहणें’ हें काम हलकें, आणि शोध लावणें तेवढें थोर, ही समजूत आमच्या घरांतून जावी, असें आम्हांस मनापासून वाटतें. हिग्ज कणाचा शोध लागला, तेव्हां ज्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत आलीं, त्यांपुढें ती टक्कर आणून ठेवणारा प्रत्येक अंक कोणा तरी परीक्षकानें पूर्वींच छळून पाहिलेल्या जातीच्या लेसरांतून आला होता. त्या परीक्षकानें एक नमुना निष्काळजीपणें उत्तीर्ण केला असता, तर वर्षांनंतर शंभर मीटर खोलीवर, जेथें हात पोंचत नाहीं तेथें, एक तंतु मुका झाला असता. चूक कोणाची हें तेव्हां कोणास कळलेंहि नसतें. ज्याची चूक कधीं उघडकीस येणार नाहीं, त्यानें ती न करणें याहून मोठी विद्येची निष्ठा कोणती?

आमच्या घरांतून मुलांस बरोबर उत्तर देण्याचें शिक्षण उत्तम मिळतें. आमच्याहि हाताखालून त्यासाठीं शेंकडों मुलें गेलीं. परंतु ‘हें कोठें मोडेल?’ असा प्रश्न आपण होऊन विचारण्याचें शिक्षण आम्ही फार थोडें देतों. उलट, कोणा मुलानें विचारलाच, तर तो अपशकुन समजून त्यास गप्प करतों. घराच्या कराराचा कागद असो, औषधाची मात्रा असो, म्हाताऱ्यांनीं एकट्यानें करावयाचा प्रवास असो. यांतील दुबळी जागा आधीं दाखविणारें माणूस घरांत असणें, हें केवढें भाग्य! त्यास नाट लावणारा न म्हणतां जवळ बसवून, ‘बोल, तुला काय दिसतें?’ असें विचारावें. आणि जें टळण्यासारखें नाहीं, त्यासाठीं शेजारच्या चुलींत निखारा राखून ठेवावा.

कुलाब्याच्या दालनांत आज जोडलीं जाणारीं मॉड्यूलें कांहीं वर्षांनीं त्या बोगद्याच्या गाभ्यांत बसतील. मग अनेक वर्षें त्यांस कोणी पाहणार नाहीं. त्यांच्या शेजारचे लेसर हळूहळू थकतील, कांच काळवंडेल, अधूनमधून एकादें अक्षर चुकेल आणि दुरुस्तहि होईल. तेथून काय बातमी येईल, तें आज कोणासहि सांगतां येत नाहीं. ती नीट यावी म्हणूनच हीं माणसें आज चांगल्या वस्तू मोडून पाहात आहेत. आमच्या स्नेह्यांच्या घरची ती मुलगी पुढच्या सुटींत येईल, तेव्हां तिला कोणीं तरी विचारावें, ‘‘यंदा काय काय मोडलेंस?’’ आणि तिचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.